मिलिट्रीतला नवरा सुट्टीवर आला की मारतो: ताण किती, दोष कुणाचा आणि काय कोणत्या क्रमानं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटी बहीण गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत सासरी राहते. नवरा मिलिट्रीत नायक, सध्या फील्ड पोस्टिंगवर. लग्नाला सहा वर्षं झाली, एक मुलगी आहे. तो सुट्टीवर आला की पहिले आठ दिवस बरे जातात, मग हात उचलतो. गेल्या शिमग्याला त्यानं तिचा गळा दाबला. सासूबाई म्हणतात, "तिकडे बर्फात राहतो, डोक्याला ताप असतो, तू समजून घे." तक्रार केली तर त्याची नोकरी जाईल या भीतीनं बहीण गप्प आहे. गणपतीला तो पुन्हा येणार, म्हणजे हातात जेमतेम दीड महिना. हे ताणामुळे होतं का, आणि करायचं काय?

आधी गळ्याचं बोलू, बाकी सगळं त्यानंतर. थोबाडीत मारणं आणि गळा दाबणं एका मापानं मोजू नका. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं की दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि काही मिनिटांत जीव जातो. नवऱ्यानं एकदा गळा दाबला असेल तर पुढे त्याच्याच हातून तिचा खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बाहेरून खूण बऱ्याचदा राहत नाही, म्हणून घरचे म्हणतात "काही झालं नाही." तिला हे नेमकं विचारा: त्यानंतर आवाज बसला होता का, गिळताना दुखत होतं का, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके आले होते का, त्या वेळी नकळत लघवी झाली का, मधले काही क्षण आठवत नाहीत असं आहे का. एकाचंही उत्तर हो असेल तर ही केस वरच्या धोक्याची धरा. असं पुन्हा झालं तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर त्रास एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो.

आता ताणाचं. ताण खरा आहे, आणि तो नाकारून काही साधत नाही. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते, पण ती कधी मिळेल हे त्याच्या हातात नसतं. मंजूर झालेली रजाही ऐनवेळी रद्द होते. उत्तरेकडून दोन-अडीच दिवस रेल्वेनं येऊन तो चिपळूणला उतरतो, आणि घरात पाऊल टाकण्याआधीच कामांची यादी तयार असते. भावकीतलं वाटप, सातबाऱ्यावरची नावं, गळणारी कौलं, कलमांची फवारणी, बांधकामाचा हप्ता. वाडीला वाटतं हा सुट्टीवर आलाय म्हणजे मोकळाच. शरीर अजून पहाऱ्यावर असतं, झोप तुकड्यातुकड्यांची, दार आपटलं तरी दचकतो. आणि घर त्याच्याशिवाय चालायची सवय झालेलं. मुलगी आईकडेच झोपायला जाते, गॅस कधी संपतो हे त्याला ठाऊक नसतं, बाजारहाट बायकोच्या हातात. तिकडे हुकूम दिला की माणसं हलतात. इकडे "थांबा जरा, दूध उतू जाईल" असं उत्तर मिळतं. म्हणून भांडणं बहुधा दुसऱ्या आठवड्यात पेटतात आणि निघायच्या आधीच्या चार-पाच दिवसांत परत चढतात. तुम्ही सांगितलेले "पहिले आठ दिवस" त्यात बरोबर बसतात.

पण ताणातून चिडचिड येते, अबोला येतो, दारू वाढते. कुणाला मारायचं, कधी मारायचं आणि कुठं मारायचं हे ताण ठरवत नाही. रजा नाकारणाऱ्या सुभेदारावर तो हात टाकत नाही, ओटीवर पाहुणे बसलेले असताना टाकत नाही. मारतो ती माजघरात, दार लोटून, कपड्याखाली झाकेल अशा जागी. इतका ताबा ज्याच्याकडे असतो त्याचा ताबा सुटलेला नसतो. सासूबाईंना हेच विचारा, भांडण म्हणून नव्हे, साधं विचारा: तिकडे युनिटमध्ये तो कुणाला मारतो का?

ओळखीची एक सोपी कसोटी आहे. तो घरी असताना बहिणीला "नाही" म्हणता येतं का? "नाही, आज माहेरी जाणार आहे" म्हटल्यावर वाद झाला तर ते ताणलेलं घर. तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आधीच तिच्या पोटात गोळा येत असेल, तर ते भीतीचं घर. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यानं होतो. ताणलेल्या घरात दोघांना एकत्र बसवून समुपदेशन उपयोगी पडतं. भीतीच्या घरात तेच धोक्याचं ठरतं. समुपदेशकासमोर ती जे खरं बोलते त्याचा हिशेब रात्री घरी चुकता होतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत जोडीनं समुपदेशन ही पहिली पायरी नव्हेच. पोलीस ठाण्यातली किंवा गावच्या तंटामुक्त समितीतली "समेट करून टाका" ही बैठकही तिच्यासाठी नाही. बांधाचा तंटा मिटवायला ती समिती ठीक, गळ्यावरचा हात तिथं मिटत नाही.

सुट्टीव्यतिरिक्तचे महिनेही पाहा. दूरवरून ताबा ठेवणं ही लष्करी आणि बोटीवरच्या घरांची खास खूण आहे. रोज ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल, "फोन बिझी का होता?", लाइव्ह लोकेशन कायम चालू, एटीएममधून पाचशे काढले तरी त्याच्या मोबाइलवर मेसेज आणि पाठोपाठ फोन, दिराला नजर ठेवायला सांगितलेलं. हे होत असेल तर मारहाण सुट्टीपुरती असली तरी हिंसा बारमाही आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शारीरिकबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही मोजतो. मर्जीविरुद्धचा संबंध नवऱ्याकडून झाला तरी या कायद्यात तो लैंगिक छळ आहे.

एक अपवाद नीट समजून घ्या. स्फोट, गोळीबार, साथीदाराचा मृत्यू पाहिलेला माणूस झोपेत हात-पाय झाडतो, हलवून उठवलं तर समोरच्याचा हात मुरगाळतो आणि जागं झाल्यावर स्वतःच घाबरतो. हे आजाराचं लक्षण आहे. अशा माणसाला खांद्याला धरून हलवायचं नाही. हाताच्या टप्प्याबाहेर, पायाच्या दिशेला उभं राहून नावानं हाक मारायची, दिवा लावायचा. काही दिवस अंथरूणं वेगळी घालायची. पण जागेपणी, शिव्या देत, कारण सांगत केलेली मारहाण यात बसत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. उपचार दोन्हींवर लागतो, पण एकाच्या आडून दुसरं माफ होत नाही. मेडिकल कॅटेगरी (नोकरीतली तब्येतीची श्रेणी) खाली जाईल या भीतीनं जवान युनिटच्या डॉक्टरकडे बोलत नाहीत. त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन नंबर आहे. डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात लष्करी लोकांसाठी त्याचा स्वतंत्र कक्षही आहे. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

दारूचं एवढंच: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, नवरा वारंवार पिऊन झिंगतो अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के बायकांनी हिंसा सोसल्याचं सांगितलं, न पिणाऱ्यांच्या बायकांत ते २३ टक्के होतं. म्हणजे दारू आगीत तेल आहे, आणि त्या २३ टक्क्यांच्या घरी दारूशिवायही मार आहेच. कॅन्टीनची बाटली लपवणं किंवा ओतून टाकणं हा उपाय करू नका. त्यावरूनच मार पडतो. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रम होऊ शकतो. ते काम डॉक्टरांचं.

आता कामाला लागू. लष्करी घरात एक गोष्ट बाईच्या बाजूनं असते आणि ती कुणी वापरत नाही: धोका कधी येणार त्याची तारीख बऱ्यापैकी आधी कळते. नवरा रोज घरी असणाऱ्या बाईला ही सवलत नसते. तो दूर असताना सगळं करून ठेवायचं आणि तो येईल त्या दिवशी हातात कोर्टाचा कागद किंवा डोक्यावर दुसरं छप्पर असेल, असा हिशेब धरून मागं मोजत यायचं.

पहिल्या आठवड्यात फक्त फोन आणि कागद. तिच्या रोजच्या मोबाइलवर काही करू नका. लोकेशन एकदम बंद केलं तर त्याला लगेच कळतं. साधा बटणांचा फोन आणि तुमच्या नावाचं सिम तिला द्या. तो तांदळाच्या डब्यात नको, सासूबाई रोज तो उघडतात. व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी यंत्र दिसलं तर स्क्रीनशॉट न काढता नुसतं पाहून ठेवा. मूळ कागद उचलून नेऊ नका, कपाटातली रिकामी जागा दिसते. फोटो काढा आणि तुमच्या फोनवर ठेवा: लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, आधार, पासबुक, डिपेंडंट कार्ड, कॅन्टीन कार्ड. आणि ज्याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते: त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, युनिट, "द्वारा ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" असा पूर्ण पत्ता, त्याच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस कोणतं (मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला), आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्न त्याच्या सेवेच्या नोंदीत चढल्याचा आदेश, लागली आहे का. ती लागली नसेल तर लष्कराच्या कागदावर तिला नवराच नाही, आणि पुढचा प्रत्येक अर्ज तिथं अडतो. अशा वेळी लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडून रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. नवरा नौदलाच्या बोटीवर असेल तर पत्ता फ्लीट मेल ऑफिसचा असतो.

त्याच आठवड्यात वही. दोन ओळींच्या नोंदी, पण नेमक्या. "खूप मारलं, नेहमीच मारतात" याला कोर्टात वजन नाही. नोंद अशी हवी: "धुलवडीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री साडेनऊच्या सुमारास, माजघरात. जेवण गार म्हणून ताट फेकलं. दोन्ही हातांनी गळा धरून भिंतीला दाबलं. मी हात सोडवू शकले नाही. चिमी रडत आली तेव्हा सोडलं. दुसऱ्या दिवशी आवाज बसला. शेजारच्या काकूंनी विचारलं, मी थंडीनं म्हटलं." शेवटचं वाक्यही लिहायचं. खोटं बोलल्याची नोंद खरेपणा वाढवते, आणि काकू साक्षीदार होतात. शिव्यांचे व्हॉइस मेसेज ज्या फोनवर आले तो फोन विकायचा नाही की फॉरमॅट करायचा नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ यंत्र मागितलं जाऊ शकतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात संरक्षण अधिकारी. हा महिला व बालविकास विभागाचा अधिकारी असतो. पंचायत समितीत किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करून कोण आहे ते विचारा. तो घरगुती घटनेचा अहवाल भरतो आणि वर सांगितलेल्या २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खालचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. हा अहवाल नसला तरी कोर्ट आदेश देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे "आधी अहवाल आणा" म्हणून कुणी परत पाठवलं तर वकिलाला हे सांगा. वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईचं उत्पन्न पाहिलं जात नाही. १५१०० वर फोन किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज. अर्ज माहेरच्या तालुक्यातही चालतो, कारण ती तात्पुरती जिथं राहते त्या ठिकाणच्या कोर्टालाही अधिकार आहे. सासरचा तालुका, ओळखीपाळखी, दिराचे मित्र हे सगळं असल्यास माहेरच बरं.

काय मागायचं? कलम १८ खाली संरक्षण आदेश: मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही, फोनवरून किंवा नातेवाइकांमार्फत छळायचं नाही. कलम १९ खाली राहण्याचा आदेश. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तिचा हक्क नाही, हे जुनं झालं. २०२० मध्ये सतीश आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं असा निकाल दिला. पण ज्या घरात दीर पाळत ठेवतो तिथंच राहायचा आग्रह कशासाठी? कलम १९ मध्येच पर्यायी घर किंवा त्याचं भाडंही मागता येतं. त्याबरोबर कलम २० खाली खर्च, २१ खाली मुलीचा तात्पुरता ताबा. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम २३: दुसऱ्या बाजूचं ऐकण्याआधी तातडीचा अंतरिम आदेश. त्याला वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि गळा दाबल्याची घटना त्यात पहिल्या परिच्छेदात आली पाहिजे, सातव्या पानावर नव्हे. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात निकालाला बराच जास्त वेळ जातो, म्हणूनच अंतरिम आदेशावर जोर द्यायचा.

नोटीस जवानाला पोचणं ही हमखास अडणारी जागा. घरच्या पत्त्यावर पाठवली की "इसम बाहेरगावी" असा शेरा घेऊन परत येते आणि दोन तारखा वाया जातात. अर्जातच विनंती करा की नोटीस त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावावी.

आता नोकरीची भीती. हा कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो. संरक्षण आदेश निघाला म्हणजे त्याला शिक्षा झाली असं नाही, आणि त्यानं नोकरी जात नाही. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे नोकरीची चावी त्याच्याच हातात राहते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली (पूर्वीचं ४९८-अ) गुन्हा नोंदवणं ही वेगळी, फौजदारी वाट आहे. त्याची युनिटला माहिती जाते, बढतीवर परिणाम होऊ शकतो, पण नुसत्या एफआयआरनं बडतर्फी होत नाही. "मिलिट्रीवाल्याला पोलीस हात लावू शकत नाहीत" असं गावात बिनदिक्कत सांगितलं जातं. अटकेपासूनचं संरक्षण कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यापुरतं आहे. सुट्टीत बायकोला मारणं हे कर्तव्य नाही. कोणती वाट घ्यायची ते बहिणीनं ठरवायचं, तुम्ही नव्हे. गळा पुन्हा दाबला, हत्यार दाखवलं किंवा मुलीवर हात गेला तर मात्र फौजदारीला उशीर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे. जवानाच्या पगारावर दिवाणी कोर्टाची थेट जप्ती चालत नाही. त्यामुळे हुकूमनामा हातात असूनही कित्येक बायकांना रुपया मिळत नाही. वाट दुसरी आहे. आर्मी ॲक्ट १९५० मध्ये अधिकाऱ्यांसाठी कलम ९० आणि बाकीच्यांसाठी कलम ९१ खाली, बायको-मुलांच्या पोटगीसाठी लष्कर स्वतः पगारातून कापून देऊ शकतं. नौदलाच्या १९५७ च्या कायद्यात कलम ३१ आहे. लष्कराच्या आदेशानुसार बायकोला पगाराच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला साडेपाच टक्के, आणि एकूण ३३ टक्क्यांच्या वर नाही. अर्ज युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे, प्रत रेकॉर्ड ऑफिसला. त्याला कारणे दाखवा नोटीस जाते, मग कागद वरच्या सक्षम अधिकाऱ्याकडे सरकतो. महिने लागतात. कोर्टाचा खर्चाचा आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत त्याच दोन पत्त्यांवर पाठवायची. कागद त्यानं पुढे सरकतो.

युनिटला पत्र लिहिण्यातली सर्वात मोठी चूक वेळेची. पत्र पोचलं की कमांडिंग ऑफिसर त्याला त्याच दिवशी समोर उभं करतात आणि तासाभरात घरी फोन वाजतो. अमेरिकेत लष्करी पत्नीला गुप्त तक्रारीची सोय २००६ पासून आहे: उपचार आणि मदत मिळते, कमांडरला कळवलं जात नाही. ती सोय आली त्याच्या चार वर्षं आधी, २००२ च्या उन्हाळ्यात, नॉर्थ कॅरोलिनातल्या फोर्ट ब्रॅग तळावरच्या चार जवानांच्या बायका सहा आठवड्यांत मारल्या गेल्या आणि चारही प्रकरणांत संशय नवऱ्यांवरच होता. नोकरीवर डाग लागेल म्हणून लोक मदत मागत नाहीत, हे तिथल्या चौकशीतही निघालं. युनिटला लिहिलेलं पत्र आपल्याकडे गुप्त राहील असं धरूच नका. म्हणून क्रम पक्का: आधी बहीण आणि मुलगी माहेरी किंवा सुरक्षित जागी, अंतरिम आदेश हातात किंवा अर्ज दाखल, आणि मग पत्र. तो ट्रेनमध्ये बसलेला असताना तर नकोच.

पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत, एका पानाचं, स्पीड पोस्टनं, पावती जपून. मजकूर साधा: "मी आपल्या युनिटमधील नायक अमुक, क्रमांक अमुक, यांची पत्नी. विवाह अमुक तारखेस, पार्ट टू ऑर्डर क्रमांक अमुक. अमुक तारखेस रात्री त्यांनी माझा गळा दाबला. न्यायालयात अर्ज दाखल असून क्रमांक अमुक आहे. मला व मुलीला पोटगी मंजूर व्हावी आणि त्यांची वैद्यकीय व मानसिक तपासणी व्हावी, ही विनंती." सासू-नणंद-जाऊ सगळ्यांवरचे आरोप त्यात कोंबू नका. ज्यानं जे केलं तेवढंच. वाढवून लिहिलेल्या एका ओळीमुळे खऱ्या नऊ ओळी संशयात जातात. आवाच्या (लष्करी पत्नींची कल्याण संघटना) किंवा युनिटच्या कुटुंब कल्याणाच्या मॅडमना भेटणं चांगलं, त्या सहानुभूतीनं ऐकतात, पण त्या अधिकाऱ्यांच्या पत्नी आहेत आणि समेटाकडे कल असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागदपत्रं, पत्ते आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार यासाठी उपयोगी.

यातलं काहीच वेळेत झालं नाही आणि गणपतीला ती सासरीच असली, तर सुरक्षेची आखणी वाडीच्या हिशेबानं करा. शहरी यादीतलं "ताबडतोब पोलिसांना फोन करा" इथं पुरत नाही. ११२ लावला तरी गाडीला घाटातून, पावसात पोचायला वेळ लागतो, आणि खालच्या घरांत रेंज नसते. म्हणून पहिली मदत हाकेच्या अंतरावरची हवी. शेजारचं एक घर आणि आशा सेविका किंवा अंगणवाडी सेविका, अशा दोघींना आधी सांगून ठेवा. पोलीस पाटील सासऱ्यांच्या भावकीतला नसेल तर त्यालाही. एक खुणेचं वाक्य ठरवा. "आगोटीची मिरची उरली आहे का गो?" असा फोन आला की समोरचीनं काही न विचारता ११२ लावायचा आणि दोन माणसं घेऊन काहीतरी निमित्तानं ओटीवर येऊन बसायचं. पाहुण्यांसमोर तो मारत नाही हे आपण वर पाहिलंच, त्याचाच उपयोग.

भांडण चढू लागलं की स्वयंपाकघरातून बाहेर. तिथं विळी, कोयती, उकळतं पाणी आहे. न्हाणीघरात किंवा आतल्या खोलीत शिरायचं नाही, तिथून दुसरी वाट नसते. पडवीकडे किंवा मागल्या दाराकडे सरकायचं, आणि मागल्या दाराचा अडसर रात्री मोकळा ठेवायचा. परसातून पाणंदीनं शेजारी जायची वाट दिवसा एकदा चालून पाहा. भाद्रपदात रान वाढलेलं असतं, विजेरी लागते. मुलीला सांगून ठेवा: मध्ये पडायचं नाही, काकूंच्या घरी पळायचं. एक पिशवी शेजारणीकडे: दोघींचे दोन जोड कपडे, औषधं, चार्जर, दोन हजार रुपये शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटांत. एसटीच्या शेवटच्या गाडीची वेळ तोंडपाठ. रात्र उलटून गेल्यावर जायला जागा नसेल तर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं, तिथंच डॉक्टर, पोलीस आणि वकील जोडून मिळतात. १८१ वरून गाठ पडते.

घरात परवान्याची बंदूक असेल, सासऱ्यांची असली तरी, हे संरक्षण अधिकाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगा. माकडं-डुकरांसाठी ठेवलेली बारा बोअरची बंदूक आपल्या भागात नवी नाही. ती जमा करण्याचा आदेश कोर्टाकडे मागता येतो, आणि परवाना निलंबित करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्जही करता येतो.

मार पडलाच तर सरकारी दवाखाना. केस पेपरवर "घरात पडले" लिहू द्यायचं नाही. "नवऱ्यानं गळा दाबला" असं स्पष्ट सांगायचं, पोलीस केस म्हणून नोंद करायला लावायची आणि पेपरचा फोटो काढायचा. जखमांचे फोटो त्याच दिवशी आणि पुन्हा दोन-तीन दिवसांनी, कारण वळ आणि निळसर डाग उशिरा उमटतात.

सुट्टी संपून तो गेला की घरात हुश्श होतं आणि सगळे कागद ट्रंकेत जातात. तो फोनवर रडतो, माफी मागतो, मुलीला सायकल पाठवतो. बहिणीला अर्ज मागं घ्यावासा वाटेल, आणि त्यात ती मूर्ख ठरत नाही. तिला तो माणूस नको झालेला नाही, मार नको झालेला आहे. अर्ज मागं घेण्याऐवजी वकिलामार्फत तारीख पुढची घ्यायला सांगा आणि अंतरिम आदेश तसाच राहू द्या. तो खरंच बदलायच्या मार्गावर असेल तर आदेश असताना एक पूर्ण सुट्टी कशी जाते ते दिसेल. दोघांचं एकत्र समुपदेशन त्यानंतर विचारात घ्यायचं, तेही त्यानं स्वतःचे उपचार सुरू केले असतील तर.

पेन्शनवर येण्याचं वर्षही लक्षात असू द्या. शिपाई दर्जाचा माणूस पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, तोवर घर बायकोनं चालवलेलं असतं, आणि आता तो प्रत्येक पावलीचा हिशेब मागू लागतो. सुट्टीची तारीख संपते, म्हणजे तिची ती एकमेव सवलतही संपते. राहण्याचा आणि खर्चाचा आदेश त्याआधी पक्का झालेला बरा.

तुमच्यासाठी एक. त्याला फोन करून जाब विचारू नका, भावाला सासरी पाठवून दम देऊ नका. त्याची किंमत बहीण मोजते. रोज संध्याकाळी तो देवळाकडे किंवा नाक्यावर गेला की त्या बटणांच्या फोनवर दोन मिनिटं बोला आणि तेच तीन प्रश्न विचारा: आज काय झालं, वहीत लिहिलं का, मागलं दार मोकळं आहे का.